नांव, कोष्टक आणि नळीवरील लेख
(जॉन टेलर यांच्या ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ या ग्रंथाचें परीक्षण)

जॉन टेलर यांचा ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा ग्रंथ १९४८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. हत्तीची शिकार व तीस लागणारीं शस्त्रें या विषयावरील पुस्तक इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत परीक्षणास कां घ्यावें, असा प्रश्न वाचक करतील. म्हणून प्रथम त्याचेंच उत्तर देतों.

आपल्याकडील जुन्या संस्थानिकांच्या, जहागीरदारांच्या व इनामदारांच्या घरीं पट्टे, कट्यारी व तोड्याच्या बंदुका यांच्या शेजारीं लंडन किंवा बर्मिंगहॅम येथें मुद्दाम सांगून करविलेली एखादी दुनळी रायफल आढळते. संग्राहक तिची नोंद करतात, कारखान्याचें नांव व नळीवरील आंकडा टिपून घेतात, आणि पुढें घरच्या वारसानें ‘हिला कोणतें काडतूस चालेल?’ असें विचारलें म्हणजे टेलरांचा ग्रंथ उघडून उत्तर देतात. आमच्या परिचयाच्या संग्राहकांत या ग्रंथास अशा रीतीनें प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा आलेली आहे. ती प्रतिष्ठा कोणत्या कामीं योग्य व कोणत्या कामीं अयोग्य, हें ठरविणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पोथींतील पाठ चुकला तर अर्थाची हानि होते. येथें पाठ चुकला तर नळी फुटते, आणि ती धरणाराचा हात किंवा डोळा जातो.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणें न्यायाचें होईल. ग्रंथकार १९०४ सालीं डब्लिन येथें जन्मला, तरुणपणींच आफ्रिकेस गेला, आणि त्या वेळची पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, म्हणजे आजचा मोझांबिक देश, व भोंवतालचा मुलूख यांत हस्तिदंतासाठीं शिकार करून त्यानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं. तो १९६९ सालीं लंडन येथें वारला. अशा मनुष्याचें लिहिणें ऐकीव नसतें. कोणत्या शस्त्राचा कोणत्या जनावरावर काय परिणाम झाला, तें तो पाहिलेल्या साक्षीदाराच्या अधिकारानें सांगतो.

त्याचा विशेष हा कीं, काडतुसांविषयीं बोलतांना तो केवळ गोळीचें वजन व वेग सांगून थांबत नाहीं, तर कोठींत उत्पन्न होणारा दाबही देतो व त्यावर भर देतो. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. १८८९ सालीं एबल व ड्यूअर यांनीं कॉर्डाइट नांवाची धुरविरहित दारू सिद्ध केली. नायट्रोग्लिसरिन व गनकॉटन यांच्या मिश्रणाच्या दोऱ्यासारख्या कांड्या करून त्या काडतुसांत भरीत. ही दारू उन्हानें तापली म्हणजे अधिक जलद जळते व दाब वाढतो. दाब वाढला कीं पितळी कवच कोठीस घट्ट चिकटतें. एकनळी रायफलीचा खटका पिळून कवच ओढून काढतां येतें. दुनळींत तितका जोर लावण्याची सोय नाहीं. पहिले दोन बार झाले, हत्ती अंगावर येत आहे आणि कवचें निघत नाहींत, या प्रसंगाचा विचार केला म्हणजे टेलर कमी दाबाच्या काडतुसांची इतकी वाखाणणी कां करतो तें कळतें. उष्ण देशांसाठीं किंचित कमी दारू घालून निराळीं काडतुसें करण्याची इंग्रज कारखान्यांची रीत याच अनुभवांतून निघाली.

एक उदाहरण पुरे आहे. .४५० नायट्रो एक्सप्रेस या सव्वातीन इंची काडतुसांत ७० ग्रेन कॉर्डाइट व ४८० ग्रेन वजनाची गोळी असून, जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणें त्याचा दाब चौरस इंचास सुमारें १७ टन होता. .४७० या काडतुसांत ७५ ग्रेन कॉर्डाइट व ५०० ग्रेनांची गोळी असूनही दाब सुमारें १४ टनच होता. दोहोंचा वेग जवळजवळ सारखा. कवच ऐसपैस केल्यानें तेंच काम कमी दाबांत होतें, ही गोष्ट वाचकाच्या मनांत ठसविणें ही टेलरची मोठी कामगिरी होय.

आतां दोषाकडे वळूं. त्यांतील कांहीं ग्रंथाचा आहे व बराचसा ग्रंथ वाचणारांचा आहे.

कोणत्याही कोष्टकाचा आधार नांव हा असतो. अमुक नांवाच्या काडतुसाचा भार अमुक, असें तें सांगतें. परंतु या शास्त्रांत नांव व माप यांचा संबंध फार सैल आहे. .४५० या नांवाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षांत .४५८ इंच असतो; .४७० ची गोळी सुमारें .४७५ इंचांची; .५०० ची .५१० इंचांची; आणि .६०० ची तर सुमारें .६२० इंचांची. टेलरनें गोळीच्या आघाताचें मान काढण्यासाठीं एक सूत्र बसविलें आहे: ग्रेनांतील वजन, फुटांतील वेग व इंचांतील व्यास यांच्या गुणाकारास ७००० नीं भागावें. .४७० साठीं ५०० ग्रेन व २१२५ फूट हे आंकडे घेऊन, व्यासाच्या जागीं नांवांतील .४७० घातले तर उत्तर ७१.३ येतें, खरा व्यास.४७५ घातला तर ७२.१ येतें. हत्तीस हा फरक कळणार नाहीं. परंतु नळीस पांच सहस्रांश इंचांचा फरक चांगलाच कळतो, आणि तो कसा, तें पुढील उदाहरणावरून दिसेल.

.४७५ नंबर २ या नांवाचें साडेतीन इंची काडतूस आहे. त्याचे दोन पाठ आहेत. सर्वसाधारण पाठांत ४८० ग्रेनांची गोळी असून तिचा व्यास सुमारें .४८३ इंच, जेफ्री यांच्या पाठांत ५०० ग्रेनांची गोळी, व्यास सुमारें.४८८ इंच. कवच तेंच, कोठी तीच, बाहेरून पाहणारास भेद दिसत नाहीं. मोठ्या गोळीचें काडतूस अरुंद नळींत सहज बसतें; मग तीच गोळी नळींतून जबरीनें पिळून जाते व दाब चढतो. पोथीच्या एखाद्या पातळ पानाच्या जाडीएवढा हा पाठभेद आहे. केवळ ‘४७५ नंबर २’ असें लिहिणाऱ्या संग्राहकानें आपल्या सूचींत कांहींच लिहिलेलें नाहीं असें आम्ही समजतों.

हीं इतकीं जवळजवळचीं नांवें उत्पन्न कां झालीं, याचें उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. १८९८ सालीं रिग्बी यांनीं .४५० नायट्रो एक्सप्रेस काढल्यावर तेंच माप हिंदुस्थानांतील शिकारी वर्गांत रूढ झालें. परंतु सरकारी मार्टिनी-हेन्री बंदुकांचेंही माप .४५० च होतें, व या मापाचीं काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडून उपयोगास येतील या धास्तीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें त्या मापाचीं शस्त्रें व काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. हिंदुस्थानचें गिऱ्हाईक गमावणें कारखानदारांस परवडण्यासारखें नव्हतें. मग .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशीं मापें पुढें आलीं. त्यांचा परस्परभेद शिकारीच्या गरजेनें जितका झाला, त्याहून अधिक एका सरकारी हुकुमानें झाला. पुढें बंदी उठली. नांवांचा गोंधळ मात्र मागें राहिला. टेलरचें कोष्टक वाचणारानें हा इतिहास ध्यानांत ठेवला पाहिजे.

यापुढें जें सांगावयाचें तें आमच्याच चुकीचें आहे. एका जुन्या घराण्यांतील गृहस्थांनीं आम्हांस पत्रानें विचारलें कीं, घरांत बर्मिंगहॅम येथें बनविलेली पणजोबांची दुनळी रायफल आहे, तीवर.५०० असा आंकडा असून कोठी तीन इंचांची आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजेपूर्वीं ती निशाणीच्या मैदानावर एकदां चालवून पाहण्याची इच्छा आहे. तर काडतूस कोणतें? आम्हीं कोष्टक पाहिलें व उलट टपालीं उत्तर लिहिलें: .५०० नायट्रो एक्सप्रेस, तीन इंची, ८० ग्रेन कॉर्डाइट, ५७० ग्रेनांची गोळी. सुदैवानें शस्त्रांची सूची करण्याच्या निमित्तानें दसऱ्याच्या आठ दिवस आधीं आमचें त्यांच्या घरीं जाणें झालें. नळ्यांखालचें लांकूड काढून आम्हीं नळ्या उलट्या केल्या. त्यांच्या सपाट बाजूवर मुकुट व एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड हा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा १९०४ पूर्वींचा ठसा स्पष्ट होता. नायट्रो दारूच्या परीक्षेचा ठसा कोठेंही नव्हता. ती रायफल काळ्या दारूची होती.

काळ्या दारूच्या .५०० तीन इंची एक्सप्रेस काडतुसांत सुमारें १४० ग्रेन काळी दारू व ३४० ते ४४० ग्रेनांची गोळी असे. त्याच कवचांत पुढें ८० ग्रेन कॉर्डाइट व ५७० ग्रेनांची गोळी घालून नायट्रो एक्सप्रेस तयार झालें. कवचाची लांबी एक, गोळीचा व्यास एक, नांवांतील आंकडा एक. दाब मात्र फार निराळा. या दोहोंच्या मधलें तिसरेंही एक काडतूस होतें. जुन्या काळ्या दारूच्या रायफलींसाठीं ५५ ग्रेन कॉर्डाइट व ४४० ग्रेनांची गोळी, असा हलका भार कारखाने मुद्दाम भरून देत. एका नांवाखालीं तीन वस्तू नांदत होत्या, आणि आम्हीं त्यांतील सर्वांत जबर वस्तू त्या गृहस्थांच्या हातीं देऊं केली होती. टेबलावर पुडा तयारच होता. आजोबांच्या दुसऱ्या रायफलीसाठीं आणलेला. ते म्हणाले, “गुरुजी, आपलें पत्र आलें म्हणूनच हा काढून ठेवला होता.” त्यांच्या बोलण्यांत ठपका नव्हता, त्यामुळें आम्हांस तो अधिक लागला.

या प्रसंगीं टेलरला दोष देणें सोपें आहे. पण तें खरें नव्हे. तो आपल्या काळच्या धंदेवाईक शिकाऱ्यासाठीं लिहीत होता, आणि त्या शिकाऱ्याच्या हातीं नायट्रो दारूचीच रायफल असे. काळ्या दारूचीं शस्त्रें हा त्याचा मुख्य विषय नव्हता. काडतुसाविषयीं लिहिलेलें शस्त्राविषयींचें म्हणून वाचलें, ही चूक आमची होती. ग्रंथाचा दोष इतकाच कीं, त्याचा स्वर फार ठाम आहे, आणि ठाम स्वरानें दिलेला आंकडा वाचणारास पुढील चौकशीपासून परावृत्त करतो.

मग साक्षीपुराव्याचा क्रम कसा लावावा? संशोधक मूळ लेख, समकालीन दप्तर, वेष्टनावरील टीप व मागाहूनची नक्कल यांची प्रतवारी करतो. तीच येथें करावी.

पहिला मान नळ्यांच्या खालच्या बाजूवरील परीक्षेच्या ठशांचा. इंग्लंडांत प्रत्येक नळी नेहमीच्याहून अधिक जबर भारानें उडवून पाहिल्यावांचून विकतां येत नाहीं. लंडन व बर्मिंगहॅम हीं त्या कामाचीं दोन परीक्षागृहें. बर्मिंगहॅमचें १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें. १९०४ नंतरच्या ठशांत ‘एन पी’ हीं अक्षरें नायट्रो परीक्षेचीं असतात. बर्मिंगहॅमच्या ठशांत त्यांवर मुकुट असतो, लंडनच्या ठशांत तलवार धरलेला चिलखती हात. रायफलींवर बहुधा दारूचा प्रकार, तिचे ग्रेन व गोळीचे ग्रेनही कोरलेले असतात: कॉर्डाइट ७०, गोळी ४८०, या धर्तीवर. १९५४ च्या नियमांनंतर वापराचा दाब टनांत कोरूं लागले. हा त्या एका नळीविषयीं, तिच्याच अंगावर, अधिकाऱ्यानें कोरलेला लेख आहे. मुद्दाम करविलेल्या रायफलीचें वैशिष्ट्य हेंच कीं तिच्यासारखी दुसरी नसते. म्हणून सर्वसामान्य कोष्टक तीस लागू होईलच असें नाहीं. मात्र मागाहून कोणी कोठी लांब केली असेल किंवा नळी आंतून कोरली असेल, तर जुना ठसा त्या शस्त्राची साक्ष देऊं शकत नाहीं. पुन्हां परीक्षा झाली पाहिजे.

दुसरा मान कारखान्याच्या वहीचा. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स इत्यादि जुन्या कारखान्यांच्या वह्यांत अनुक्रमांकाप्रमाणें नोंदी आहेत. तिसरा मान पेटीच्या झांकणांत चिकटविलेल्या चिठ्ठीचा. हींत भार व गोळी लिहिलेली असते, परंतु पोथीचें वेष्टन बदलावें तशा पेट्याही बदलतात. तेव्हां अनुक्रमांक जुळल्यावांचून चिठ्ठी मानूं नये. चवथा मान प्रत्यक्ष मापाचा: कोठीचा गंधकाचा किंवा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ओतीव ठसा घ्यावा, आणि नळींतून मऊ शिशाची गोळी हलकेच ढोसून बाहेर काढून तिचा व्यास सूक्ष्ममापकानें मोजावा. हें काम जाणत्या बंदूककाराकडूनच करवावें. छापील कोष्टकाचा क्रम या चारांनंतर. साक्षींत विरोध आला तर जी कमी भार सांगते ती मानावी. आणि ठसाच वाचतां येत नसेल तर शस्त्र भिंतीवर राहूं द्यावें.

टेलरच्या वाचकांत आणखी दोन भ्रम आढळतात, त्यांचाही परामर्श घेतला पाहिजे. दुनळीच्या दोन नळ्या अशा बेतानें जोडतात कीं ठराविक भारानें दोन्ही गोळ्या ठराविक अंतरावर जवळजवळ पडाव्या. उजवी नळी उडतांना धक्क्यानें शस्त्र उजवीकडे वळतें, डावी उडतांना डावीकडे. कारागीर बार काढून पाहत पाहत हा हिशेब नळ्यांच्या जोडणींत बसवितो. गोळी मंद असली तर ती नळींत अधिक वेळ राहते व दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर जातात; फार वेगवान असली तर त्या एकमेकींस ओलांडतात. यावरून पुष्कळ लोक असें मानतात कीं गोळ्या एकत्र पडूं लागल्या म्हणजे भार बरोबर झाला. स्वतः काडतुसें भरणारा मनुष्य गोळ्या दूर पडतात म्हणून दारू वाढवीत जातो. परंतु गोळ्या एकत्र पडणें ही वेगाची साक्ष आहे, दाबाची नव्हे. आजची दारू कॉर्डाइटहून निराळ्या रीतीनें जळते. तोच वेग निराळ्या दाबानें येऊं शकतो. निशाण जुळलें म्हणून नळी सुरक्षित, हें अनुमान सदोष आहे.

दुसरा भ्रम टनांविषयींचा. १४ टनांस २२४० नीं गुणून ३१,३६० पौंड, असा आंकडा काढून तो आजच्या काडतुसांवर छापलेल्या दाबाशीं ताडून पाहतात. जुनी इंग्रजी पद्धति कवचास तेल लावून त्याच्या बुडाशीं तांब्याचा तुकडा किती चेपला जातो हें मोजण्याची होती. आजची पद्धति विद्युत्‌यंत्रानें कोठीच्या भिंतीशीं दाब मोजते. दोन्ही मानें आपापल्या जागीं खरीं, पण शेर व रत्तल एकाच ताजव्यांत घालण्यांतला हा प्रकार आहे.

गोळीच्या धातूविषयीं टेलरच्या काळीं प्रश्नच नव्हता. शिशाच्या गाभ्यावर पातळ वेष्टन, हीच गोळी होती, व जुन्या नळ्या तिच्यासाठींच घडविलेल्या आहेत. हल्लीं सबंध तांब्याच्या किंवा पितळेच्या गोळ्या मिळतात. त्या नळीच्या खांचांत शिशासारख्या दबत नाहींत, आणि पातळ जुन्या नळ्यांवर त्यांमुळें आंतील खांचांचे वळ बाहेरून उमटल्याचें दिसून आलें आहे. जुन्या शस्त्रास त्या देऊं नयेत. तसेंच आजोबांच्या पुड्यांतील जुनीं काडतुसेंही देऊं नयेत. कॉर्डाइट कालांतरानें बिघडतें, आणि जुन्या टोपींतील पारा पितळास ठिसूळ करतो. तीं काडतुसें सूचींत नोंदवावीं व परवान्याच्या नियमाप्रमाणें ठेवावीं. कोठींत घालूं नयेत.

सारांश, टेलरचा ग्रंथ संग्रहीं असावा. काडतुसांच्या एका लुप्त जगाचें तें विश्वसनीय वर्णन आहे, आणि दाबाचें महत्त्व त्याच्याइतकें मनावर बिंबविणारा दुसरा लेखक आमच्या वाचनांत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें आपल्या देशांत शिकार बंद झाली, तेव्हां ज्या कामासाठीं त्यानें ग्रंथ लिहिला तें काम येथें उरलें नाहीं. परवान्यानें बाळगलेलें शस्त्र जतन करणें व क्वचित् निशाणीच्या मैदानावर उडविणें एवढेंच उरलें आहे. त्या कामीं त्याचें कोष्टक शेवटचें उत्तर म्हणून वापरूं नये.

सूची करणाऱ्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, शिलालेखाचा जसा कागदावर ठसा घेतात तसाच प्रत्येक दुनळीच्या नळ्यांच्या खालच्या बाजूचा पातळ कागद व मऊ पेन्सिल यांनीं ठसा घ्यावा, आणि तो सूचीस जोडावा. शस्त्र रिकामें असल्याची खात्री आधीं करावी. वर सांगितलेल्या रायफलीचा असा ठसा आम्हीं घेतला आहे, व आमच्या जुन्या पत्राची नक्कल त्याच्याच मागें चिकटवून ठेवली आहे. ती रायफल त्या दसऱ्यास हळदकुंकू व झेंडूचीं फुलें वाहून पुजली गेली; नळ्या रिकाम्याच होत्या.